पाय वर घे, रुद्रे

आभाळ जरा गुरगुरलं की आमच्या चौसाळ्यात एक बाई हातातलं काम टाकून धावत सुटायची. तराजूत गूळ असो की मापात तेल असो, गंगासागर ते तसंच ठेवायची, डोक्यावरचा पदर सावरत आपल्या किराणा दुकानातून बाहेर पडायची आणि रस्ता ओलांडून समोरच्या ऑनलाइन सेंटरच्या दारात उभी राहायची. आत गिऱ्हाइकांची कितीही गर्दी असली तरी तिला त्याचं काही नसायचं. दारातूनच ती ओरडायची, "रुद्रे, पाय वर घे."

आणि रुद्राणी पाय वर घ्यायची. बी.कॉम. झालेली, लग्नाच्या वयाची मुलगी, समोर माणसं ताटकळलेली, पण आईचा आवाज आला की डावा पाय जमिनीवरून उचलायची, दुमडून मांडीखाली घालायची आणि त्या पायावर बसून पुन्हा कीबोर्ड बडवायला लागायची. आई निश्चिंत होऊन परत गुळाकडे जायची. मी माझ्या दारातून हे सगळं बघायचे आणि माझं डोकं तापायचं.

मी वनमाला. सेंटरला लागूनच माझं दुकान. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. दोन दुकानांच्या मधे भिंत नाही, प्लायवूड आहे, त्यामुळे तिकडे कुणी शिंकलं तरी इकडे माझा दोरा हलतो. मी तोंडाची फाटकी आहे असं सगळे म्हणतात. असेन. शिवायचं काम करणारीनं तरी कुठे-कुठे टाके घालायचे?

रुद्राणी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. आपल्याकडे पायाळू माणसाचं एक चांगलं सांगतात आणि एक वाईट. चांगलं असं की कुणाच्या पाठीत उसण भरली, चमक निघाली, वाकता येईना, तर पायाळूनं तिथे पाय लावायचा, उसण उतरते. वाईट असं की पायाळूवर वीज पडते. बाळंतपण दगडाबाई सुईणीनं केलं होतं. तिनं पोर आईच्या कुशीत ठेवताना सांगितलं होतं की डावा पाय आधी आला, तेव्हा गुण ह्याच पायात आणि घोरही ह्याच पायाचा. गुणाचं गंगासागरनं गावभर सांगितलं. घोराचं काळजात ठेवलं.

त्या घोरानंच पोरीचं बालपण आखलं. ढग असले की शाळा नाही. हुरड्याला शेतात जायचं नाही, झाडाखाली थांबायचं नाही, गच्चीवर वाळवण काढायला जायचं नाही. त्यात गंगासागरनं स्वतःच्या मनानं एक भर घातली. वीज जमिनीतून ओढ घेते म्हणे, म्हणून गडगडाट असेल तेव्हा पायाळूचा पाय जमिनीला टेकलेला नको. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पोरीला एकदा खाटेवर पाय वर घेऊन बसवलं, त्या दिवशी शिवारात वीज पडली आणि पोरगी वाचली. एवढा पुरावा आईला बस्स होता.

बरं, पोरगी बसून राहणारी नव्हती. दर कार्तिकात त्यांच्या घरची माणसं कपिलधारला पायी जातात, मन्मथस्वामींच्या दर्शनाला. एकदा मीही गेलते त्यांच्याबरोबर. रुद्राणी अशी चालायची की आम्ही बाया मागे राहायचो, आणि ती पुढे जाऊन एखाद्या दगडावर बसून आम्हाला हसायची. मांजरसुंब्याचा चढ आला की आम्ही कमरेवर हात ठेवायचो, ती गाणं म्हणायची. तिचे वडील मन्मथप्पा कमी बोलतात, पण त्या दिवशी ते मला म्हणाले होते की ही पोरगी आमच्या घरातलं घड्याळ आहे, चालत राहते म्हणून घर चालतं.

शिक्षण झाल्यावर तिला फिरतीचं काम मिळत होतं. गावोगाव जाऊन पिकांची पाहणी करायची, बांधावर उभं राहून फोटो काढायचे. तिला ते फार हवं होतं. गंगासागरनं अन्नपाणी सोडलं. उघड्या रानात, पावसाळ्यात, पायाळू पोरगी! शेवटी समोरच्या अमरसिंहाच्या सेंटरमध्ये कॉम्प्युटरवर बसायचं ठरलं, तेव्हा कुठे ती जेवली. मला पेढा द्यायला आली तेव्हा म्हणाली, "डोक्यावर स्लॅब हाय, बुडाखाली खुर्ची हाय. माज्या लेकराला आनिक काय पायजे?"

खुर्ची मी पाहिली होती. लाल प्लॅस्टिकची, पाठ तडकलेली, सुतळीनं बांधलेली. टेबल म्हणजे जुन्या दुकानाचा उंच काउंटर, म्हणून खुर्चीवर गोणपाटाच्या घड्या. त्या घड्यांवर बसलं की पाय जमिनीला पुरायचे नाहीत, लोंबायचे. कॉम्प्युटर समोर नाही, डाव्या हाताला, कारण समोरून गिऱ्हाइकांना डोकावायचं असतं. म्हणजे तोंड एकीकडे, छाती दुसरीकडे, पाय अधांतरी. सेंटरमध्ये चांगली खुर्ची नव्हती असं नाही. अमरसिंहाची होती की. काळी, फिरती, उंच पाठीची, तिच्यावर पांढरा टर्किश टॉवेल. तो सरपंचकीला एकदा पडलेला आणि पुन्हा उभा राहण्याच्या तयारीतला माणूस, आठवड्यातून एखादा दिवस येऊन टेकायचा. बाकीचे दिवस ती खुर्ची टॉवेल पांघरून रिकामी. पुढाऱ्याच्या खुर्चीवर दुसऱ्यानं बसायचं नसतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं.

पाय लोंबले की कळ लागते, मग माणूस काय करतो? मांडी घालतो. रुद्राणीला तर सवय होतीच. आधी ती ढग आले की पाय वर घ्यायची, पुढेपुढे ढग नसतानाही डावा पाय मांडीखालीच असायचा. पीक विमा, शाळेचे दाखले, पोरांचे प्रवेश, सगळं चौसाळं आणि आजूबाजूच्या वाड्या त्या एका खुर्चीसमोर उभ्या. सकाळी ती बसली की दुपारच्या डब्यापर्यंत उठायची नाही. मी दर दोन ब्लाऊजनंतर उठते, कापड बेतायला टेबलाशी उभी राहते, दारापर्यंत चक्कर मारते. माझ्या सासूनं मशीन शिकवताना हेच आधी शिकवलं होतं. प्लायवूडपलीकडून खुर्चीचा आवाज आला नाही की मी इकडून ठोकायचे आणि म्हणायचे, ऊठ ग, बूड चिकटलं का. ती हसायची आणि बसून राहायची.

उसणवाले तिथेही यायचे. सेंटरच्या दारात एखादा माणूस कमरेतून वाकडा झालेला, एक हात पाठीवर, उभा राहायचा. रुद्राणी उठायची, तो पालथा पडायचा, ती काउंटर धरून डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर तीनदा टेकवायची, हळू. माणूस उठून निघून जायचा. गुण खरा की खोटा मला माहीत नाही. गंमत एवढीच की पूर्वी पोतं उचलणारे, विहिरीवर काम करणारे यायचे. आता बँकेतले, शाळेतले, मोबाइल दुरुस्तीवाले येऊ लागले. बसून-बसून उसण भरलेली माणसं, आणि ती उतरवणारी त्यांच्याहून जास्त बसलेली.

तिची स्वतःची कंबर धरली ती विम्याच्या हंगामात. आधी नुसती ठणक. मग उठताना दोन्ही हात टेबलावर टेकायला लागली. पुढे डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत एक कळ जायची आणि ती मधेच शब्द गिळायची. पायाळूला स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला लावता येत नाही. म्हणून गंगासागर तिला पालीला मुंजाजी नावाच्या म्हाताऱ्या पायाळूकडे घेऊन गेली. त्यानं पाय लावला, चहा पाजला, आणि येताना बिंदुसरेच्या धरणाकडे बघत पोरगी आईला म्हणाली की उगाच आलो, इतका वेळ गाडीवर बसून जास्त दुखलं.

त्याच सुमाराला गावातल्या शाळेत आरोग्य शिबिर झालं. नावं नोंदवायला रुद्राणीलाच बसवलं होतं. शिबिरात बीडहून ऋतुजा नावाची एक तरुण डॉक्टरीण आलती, हाडांचे-सांध्यांचे व्यायाम शिकवणारी. तिनं पेशंट सोडून आधी रुद्राणीकडेच बघितलं. मी रांगेत होते, मला सगळं ऐकू येत होतं. तिनं रुद्राणीला खुर्चीत मागे सरकवलं, कमरेच्या खळग्यात टॉवेलची गुंडाळी ठेवली, दोन्ही तळपाय जमिनीवर टेकवायला लावले. सांगितलं की कॉम्प्युटर समोर आणि डोळ्यांच्या रेषेत घे, मान वाकवून बसू नको, पाय पुरत नसतील तर पायाखाली पाट घे, आणि अर्ध्या तासानं एकदा तरी उठून पाच-दहा पावलं चाल. मग तिनं रुद्राणीच्या डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट दाबलं. पाय उचलणारी नस इथून जाते, अगदी कातडीखालून, हिच्यावर रोज बसायचं नाही, असं म्हणाली. आणि कमरेची कळ पायात उतरतेय ती निराळीच. पाय बधिर वाटला, पाऊल ढिलं पडलं, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी बीडला यायचं. हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं.

रुद्राणीनं ऐकलं, आणि खरंच केलं. माझ्याकडून दोन विटा नेल्या, त्यांच्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि काउंटरच्या मधोमध घेतला. गिऱ्हाइकं कुरकुरली, तिनं लक्ष दिलं नाही. घरून जेवायला बसायचा पाट आणून पायाखाली घेतला. खुर्चीची सुतळी पुन्हा आवळली आणि पाठीशी उशी बांधली. अर्ध्या तासानं उठायची, माझ्या दारात यायची, हात वर करून ताणायची, सुईत दोरा ओवून द्यायची आणि जायची. खोटं कशाला बोलू, तिचा चेहरा उजळला. कळ पोटरीतून वर सरकली, मग मांडीत आली, मग नुसती कमरेत राहिली. एका सकाळी ती मला म्हणाली की काकू, यंदा कपिलधारला तुम्हाला पार मागे टाकते. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या ब्लाऊजची शिलाई घेतली नाही.

मग भादव्यात आभाळ फिरलं. यंदा परतीचा पाऊस काही केल्या परतेना. सकाळपासून काळोखी, दुपारी गडगडाट, संध्याकाळी पुन्हा तेच. शेजारच्या शिवारात झाडाखाली थांबलेल्या एका बाईवर वीज पडून ती गेली. बातमी किराणा दुकानात पोचली त्याच दुपारी गंगासागर रस्ता ओलांडून आली. दारात थांबली नाही, आत शिरली. काउंटरखाली वाकून तिनं लेकीच्या पायाखालचा पाट ओढून काढला आणि काखेत मारून उभी राहिली. रुद्राणीनं समजावायचा प्रयत्न केला. डॉक्टरणीनं काय सांगितलं ते सांगितलं. मीही माझ्या दारातून तोंड घातलं. गंगासागरनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच तिच्या पोरीला रानात उभं करतेय.

"डॉक्टरनीवर ईज पडत न्हाई," ती म्हणाली. "पाय वर घे."

पोरीनं पाय वर घेतला. काय करणार? आई रडत होती.

त्या दिवसापासून आभाळ हटलं नाही आणि पाय खाली आला नाही. उठून माझ्या दारात येणंही बंद झालं, कारण आमच्या दोन दारांच्या मधली चार पावलं उघड्यावरची. गंगासागर आपल्या गल्ल्यावर बसून समोर नजर ठेवून असायची. ढग असेपर्यंत लेकीनं सेंटरमधून हलायचं नाही. संध्याकाळी ढग असले तर रात्री वडील, आप्पा, छत्री घेऊन न्यायला येणार, तोवर बसून राहायचं. पोरगी डबा खुर्चीतच खायची. गिऱ्हाइकांच्या कुरकुरीनं विटा निघाल्या, कॉम्प्युटर पुन्हा डावीकडे गेला. सगळ्या गावाचे डोळे वर आभाळाला लागलेले होते, आणि त्या खुर्चीखाली काय चाललंय तिकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

मला पहिल्यांदा कानांनी कळलं. प्लायवूडपलीकडे ती उठून कागद घ्यायला जायची, तर पावलांचा आवाज बदललेला. एक पाऊल नेहमीसारखं. दुसरं आपटायचं, ओल्या फडक्यासारखं. मी मशीन थांबवून ऐकत राहायचे. मग एका संध्याकाळी ती आप्पांबरोबर रस्ता ओलांडून गेली आणि मला दिसलं की तिची डावी चप्पल रस्त्याच्या मधोमध पडलीय. ती तशीच पुढे गेली होती. चिखलात, खडीवर, एक पाय अनवाणी, आणि तिला पत्ता नाही. मी चप्पल उचलून त्यांच्या दुकानात नेली. तिनं चपलेकडे पाहिलं, मग खाली पायाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती सँडल घालून आली, मागून पट्ट्याची.

मी तिला धरलं आणि विचारलं. तिनं कबूल केलं की पाऊल जड वाटतं, वरच्या बाजूला हात लावला तर दुसऱ्याच्या पायाला लावल्यासारखं वाटतं, उंबऱ्याला अंगठा अडकतो. बीडला का जात नाहीस, असं मी चिडूनच विचारलं. ती म्हणाली की पाऊस थांबला की आई नेणार आहे, आत्ता गाडीवर उघड्यानं कसं न्यायचं.

"आन् काकू," ती हळू म्हणाली, "गुन ह्याच पायात हाय म्हनत्यात. हा पायच गेला तर मी कोन?"

मी सरळ समोरच्या दुकानात गेले. गंगासागरला सगळं सांगितलं: आवाज, चप्पल, उंबरा, डॉक्टरणीनं दोनदा सांगितलेलं. आवाज चढवूनच सांगितलं, तशी माझी सवय आहे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला उलट समजावायला लागली. पाय जड झालाय तो कावून? तर गुण भरतोय. पायाळूच्या पायात वयात आल्यावर गुण साठतो, पायाला तो सोसवत नाही. जास्त लोकांना पाय लावला की हलका होईल. त्यानंतर ती स्वतः गिऱ्हाइकांना सांगायला लागली की उसण असेल तर जाऊन या समोर, पायाला आता लई गुण आलाय. आणि लोक जायला लागले. रोज कुणीतरी सेंटरच्या फरशीवर पालथं पडलेलं असायचं. मी दारातून बघायचे. पूर्वी रुद्राणी पाय लावताना समोरच्याशी गप्पा मारायची. आता मान खाली घालून, पापणी न हलवता, आपल्या पावलाकडे बघत असायची. डोळ्यांनी धरून पाऊल न्यायची आणि डोळ्यांनी धरूनच परत आणायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मन्मथप्पांना उसण भरली. सणाचा माल आला होता, साखरेचं पोतं खेचताना कमरेत लचक आली आणि ते गल्ल्याला धरून तिथेच वाकले. संध्याकाळची वेळ, आभाळ काळं झालेलं, वारा सुटलेला. गंगासागरनं लेकीला हाक मारली. मी दुकानातच होते, हळद-कुंकू घ्यायला आलते. आप्पा रिकाम्या पोत्यांवर पालथे झाले, रुद्राणीनं एका हातानं गल्ला धरला, डावा पाय उचलला. तेवढ्यात लाइट गेली.

दुकानात अंधार झाला. शटर वाऱ्यामुळे अर्धं ओढलेलं होतं, कुणाचं तोंड कुणाला दिसेना. गंगासागर म्हणाली की थांबू नको, लाव, अंधारात काय अडतंय. सँडल खाली पडल्याचा आवाज आला, मग कपड्याची सळसळ ऐकू आली. आप्पांनी हुं केलं. पुन्हा हुं केलं. मग त्यांचा आवाज आला, दबलेला.

"उचल आता बाई. लई दाबलंस."

"उचललाय आप्पा," रुद्राणी म्हणाली. "कवाच."

बाहेर गडगडलं. आप्पा म्हणाले, अग पाठीवर हाय की. तिनं पुन्हा सांगितलं की नाही, उचललाय. मी मोबाइलची बॅटरी लावली.

तिचा गुडघा वर होता. चांगला वर, तिनं सांगितलं तसा उचललेला. पण पाऊल घोट्यातून खाली लोंबत होतं, मेल्यासारखं, आणि बोटं वडिलांच्या पाठीत रुतलेली होती. ती गुडघा हलवत होती तशी बोटं सदऱ्यावरून घासली जात होती. सदऱ्यावर रक्ताची रेघ होती. रक्त आप्पांचं नव्हतं. तिच्याच अंगठ्याचं नख कधीतरी उंबऱ्याला लागून उपटलं होतं आणि सँडलमध्ये दिवसभर वाहत होतं. ती बॅटरीच्या उजेडात स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. गंगासागरनं तोंडावर पदर घेतला.

दुसऱ्या दिवशी सोनं लुटायच्या ऐवजी त्यांनी बीड गाठलं. पाऊस चालूच होता. मन्मथप्पांनी वाकडी कंबर धरून जीप ठरवली आणि बायकोला एक शब्द बोलू दिला नाही. मीही गेले. तिथल्या डॉक्टरांनी टाचणी घेऊन पायाला कुठे-कुठे लावली आणि रुद्राणी डोळे मिटून प्रत्येक वेळी नाही म्हणत गेली. कमरेतली गादी सरकून नसेवर बसली होती, आणि गुडघ्याजवळची नस दाबून-दाबून वेगळीच सुकली होती. दोन्हीकडून घेरलं होतं पायाला. ते म्हणाले, कमरेचं ऑपरेशन करू, दुखणं जाईल. पाऊल परत उचलेल का, ते आता सांगता येत नाही. पहिल्यांदा चप्पल निसटली तेव्हा आला असता तर सांगता आलं असतं. गंगासागरनं विचारलं की साहेब, वीज लागली का पायाला? ते म्हणाले, नाही बाई, बसून झालंय हे.

बसून झालंय. हे तिनं परतीच्या वाटेवर कितीदा तरी पुटपुटलं. मला तिचा राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण तिच्याकडे बघवत नव्हतं. पोरीला आभाळापासून राखायला तिनं जन्म घालवला, आणि तिनं राखलेल्या जागेवरच पोरीचा पाय गेला.

ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पाऊल मात्र उचललं नाही. रुद्राणी आता पुन्हा सेंटरमध्ये येते. गुडघ्याखाली पट्टा बांधते, त्यानं पाऊल लोंबत नाही, पण चालताना पाय वर्तुळात फेकावा लागतो. कार्तिकात कपिलधारला जाणारी माणसं रस्त्यानं गेली तेव्हा ती कॉम्प्युटरकडेच बघत बसली, मी हाक मारली तरी वळली नाही. अमरसिंहानं टॉवेल काढून घेतला आणि स्वतःची खुर्ची तिला दिली. निवडणूक जवळ आलीय, म्हणून दिली असेल, पण दिली. विटा परत आल्यात. पाट परत आलाय. अर्ध्या तासानं ती उठते, आणि मी मशीन थांबवून तिची पावलं ऐकते. उसणवाले अजून येतात. परवाच एकजण दारात वाकडा उभा राहून तिला सांगत होता की डावा न्हाई तर न्हाई, उजवा हाय की. मी त्याला ज्या शब्दांत घालवला ते शब्द लिहिण्यासारखे नाहीत.

काल दुपारी अवकाळी आभाळ आलं. एकाएकी काळोखी आणि वर गडगडाट. मी सवयीनं मशीन थांबवून समोर पाहिलं. गंगासागर निघाली होती, तशीच, पदर सावरत, गुळाचा हात न पुसता. ती रस्ता ओलांडून सेंटरच्या दारात आली आणि मी उठून तिच्यामागे दाराशी गेले. रुद्राणीही तिच्याकडे बघत होती. हात कीबोर्डवरच थांबलेले. आई ओरडली नाही. ती आत गेली, काउंटरखाली फरशीवर बसली आणि लेकीचा डावा पाय दोन्ही हातांत घेतला. पट्टा सोडला. पाऊल पाटावर ठेवलं आणि वरून दाबून धरलं. बाहेर पुन्हा गडगडलं, जवळच कुठेतरी, आणि तिचे खांदे आखडले, पण तिनं हात काढला नाही.

"टेकला का ग?" तिनं खालूनच विचारलं.

रुद्राणीनं खुर्ची मागे सारली, वाकून टेबलाखाली पाहिलं, आणि मग म्हणाली, "व्हय. टेकलाय."